गिल्डा रॅडनर

गिल्डा सुझन रॅडनर (२८ जून, १९४६; डेट्रॉइट, मिशिगन, अमेरिका – २० मे, १९८९; लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया, अमेरिका) या अमेरिकन विनोदी अभिनेत्री आणि लेखिका होत्या. एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर १९७५ पासून दर शनिवारी रात्री उशिरा प्रसारित होणाऱ्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमाच्या मूळ सात कलावंतांपैकी त्या एक होत्या. या कार्यक्रमाच्या पहिल्या पाच हंगामांत त्यांनी उभी केलेली एमिली लिटेला, रोझॅन रोझॅनाडॅना, बाबा वावा, लिसा लूपनर आणि जूडी मिलर ही पात्रे अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात मोलाची मानली जातात. १९७८ मध्ये त्यांना एमी पुरस्कार मिळाला. वयाच्या ४२ व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर या रोगाची आनुवंशिकता आणि त्याचे वेळेवर निदान या प्रश्नांकडे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर लक्ष वेधले गेले.

जन्म आणि बालपण

रॅडनर यांचा जन्म डेट्रॉइट शहरातील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील हर्मन रॅडनर हे व्यावसायिक होते आणि डेट्रॉइटमधील सेव्हिल हॉटेल त्यांच्या मालकीचे होते. शहरात कार्यक्रमांसाठी येणारे गायक, नट आणि इतर कलावंत या हॉटेलात उतरत असत. त्यांची आई हेन्रिएटा या विवाहापूर्वी कायदेविषयक कचेरीत काम करीत असत. गिल्डा यांना मायकेल नावाचे थोरले बंधू होते. नाव ठेवताना आजीच्या नावाचे आद्याक्षर घेतले गेले. ‘गिल्डा’ हे नाव मात्र रिटा हेवर्थ यांची भूमिका असलेल्या आणि त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या त्याच नावाच्या चित्रपटावरून आले.

आईला डेट्रॉइटचा हिवाळा सोसत नसे. त्यामुळे वर्षातील काही महिने कुटुंबाचा मुक्काम फ्लोरिडातील मायामी बीच येथे असे. या ये-जा करण्याने गिल्डा यांच्या शाळेत खंड पडे आणि मैत्रिणी टिकत नसत. लहानपणी त्या स्थूल होत्या. त्या दहा वर्षांच्या असताना वजन कमी करण्यासाठी त्यांना भूक मारणाऱ्या उत्तेजक गोळ्या देण्यात आल्या. अन्न आणि शरीर यांविषयीची ही अस्वस्थता त्यांना आयुष्यभर पुरली. इतरांनी आपल्या देहाला हसण्याआधी आपणच विनोद करून हशा मिळवावा, ही सवय त्यांना याच वयात लागली.

त्यांचे संगोपन बव्हंशी ‘डिबी’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाईने केले. डिबी यांना वार्धक्यामुळे कमी ऐकू येत असे. पुढे एमिली लिटेला हे पात्र घडविताना रॅडनर यांनी त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवले होते.

वडिलांशी त्यांचे विशेष सख्य होते. हर्मन रॅडनर यांना नाटकांची आवड होती आणि ते मुलीला न्यू यॉर्क येथे ब्रॉडवेवरील प्रयोग पाहण्यासाठी नेत असत. रंगभूमीची ओढ रॅडनर यांना वडिलांकडूनच लाभली. त्या बारा वर्षांच्या असताना वडिलांना मेंदूत गाठ झाल्याचे आढळले. चष्मा घट्ट होत असल्याची तक्रार हे या आजाराचे पहिले चिन्ह होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते अंथरुणाला खिळले आणि त्यांचे बोलणे बंद झाले. सुमारे दोन वर्षे याच अवस्थेत काढल्यानंतर त्यांचे निधन झाले. त्या वेळी गिल्डा चौदा वर्षांच्या होत्या.

शिक्षण आणि रंगभूमीवरील आरंभ

डेट्रॉइटमधील लिगेट शाळेत शिक्षण घेतल्यानंतर रॅडनर यांनी १९६४ मध्ये ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्या विद्यार्थ्यांच्या नाट्यप्रयोगांत भाग घेत. पदवी पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी विद्यापीठ सोडले आणि एका कॅनेडियन शिल्पकार मित्राबरोबर त्या टोरांटो येथे गेल्या.

त्यांचे व्यावसायिक पदार्पण याच शहरात १९७२ मध्ये ‘गॉडस्पेल’ या संगीत नाटकाच्या प्रयोगातून झाले. या संचात व्हिक्टर गार्बर, यूजीन लेव्ही, अँड्रिया मार्टिन आणि मार्टिन शॉर्ट हे त्या काळी अप्रसिद्ध असलेले कलावंत होते. संगीताची बाजू पॉल शेफर सांभाळीत होते. यांतील बहुतेक सर्वांनी पुढे मोठा लौकिक मिळविला. त्यानंतर रॅडनर ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेच्या टोरांटो शाखेत दाखल झाल्या. संहिता हाती नसताना, प्रेक्षकांनी सुचविलेल्या विषयावर रंगमंचावरच प्रसंग रचणे ही या संस्थेची रीत होती. सहकलावंताचे बोलणे नाकारायचे नाही, त्यात भर घालायची आणि प्रसंग पुढे न्यायचा, ही शिस्त रॅडनर यांच्या अंगी येथे बाणली.

१९७३ मध्ये ‘द लास्ट डिटेल’ या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली. १९७४ च्या सुमारास त्या न्यू यॉर्कला आल्या आणि ‘नॅशनल लॅम्पून रेडिओ अवर’ या नभोवाणी कार्यक्रमात जॉन बेलुशी, चेव्ही चेस, बिल मरी यांच्यासमवेत काम करू लागल्या.

सॅटर्डे नाइट लाइव्ह

१९७५ मध्ये एनबीसी वाहिनीने शनिवारी रात्री साडेअकरा वाजता नवा विनोदी कार्यक्रम सुरू करण्याचे ठरविले. निर्माते लॉर्न मायकेल्स यांनी या कार्यक्रमासाठी सर्वप्रथम ज्या कलावंताची निवड केली, त्या रॅडनर होत्या. त्यांच्याखेरीज डॅन ॲक्रॉइड, जॉन बेलुशी, चेव्ही चेस, जेन कर्टिन, गॅरेट मॉरिस आणि लरेन न्यूमन हे कलावंत मूळ संचात होते. १९७७ मध्ये बिल मरी संचात आले. पहिला प्रयोग ११ ऑक्टोबर, १९७५ रोजी न्यू यॉर्कमधील रॉकफेलर सेंटर येथील स्टुडिओ ८-एच मधून थेट प्रसारित झाला. त्या वेळी दुसऱ्या एका वाहिनीवर याच नावाचा कार्यक्रम असल्यामुळे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हे नाव वापरता आले नव्हते. ते पुढे १९७७ मध्ये रूढ झाले.

दर आठवड्यास नवा पाहुणा सूत्रधार, नवी प्रहसने आणि थेट प्रसारण असे कार्यक्रमाचे स्वरूप होते. सोमवारी विषयांची चर्चा, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी वाचन आणि शनिवारी रात्री प्रयोग असा आठवड्याचा क्रम असे. इतक्या अल्प अवधीत प्रत्येक वेळी संपूर्णपणे नवे जग उभे करणे कठीण असते. म्हणून एकदा प्रेक्षकांच्या पसंतीस उतरलेले पात्र पुन्हा आणले जाई. पात्राची वेशभूषा, बोलण्याची लकब आणि ठरलेला शेवट प्रेक्षकांच्या परिचयाचा असे. या आठवड्यात विषय कोणता, एवढीच उत्सुकता उरे. अशी पुनःपुन्हा येणारी पात्रे हा पुढे या कार्यक्रमाचा कणा ठरला आणि ही प्रथा रुजविण्यात रॅडनर यांचा वाटा फार मोठा होता.

लेखकांच्या खोलीत पुरुषांचे वर्चस्व होते आणि स्त्रिया विनोद करू शकत नाहीत, असे मानणारे लोक तेथेही होते. अशा स्थितीत ॲन बीट्स, रोझी शूस्टर आणि मॅरिलिन सुझन मिलर या लेखिकांनी स्त्रीकलावंतांसाठी स्वतंत्र प्रहसने लिहिली. रॅडनर यांची काही महत्त्वाची पात्रे या लेखिकांच्या सहकार्याने आकारास आली. लेखक ॲलन झ्वायबेल यांच्याशीही त्यांची दाट मैत्री होती आणि दोघांनी मिळून अनेक प्रहसने रचली.

प्रमुख पात्रे

एमिली लिटेला

स्वेटर घातलेली, चष्मा लावणारी, मृदू आवाजाची ही वृद्धा कार्यक्रमातील ‘वीकेंड अपडेट’ या विडंबनात्मक बातमीपत्रात एखाद्या चालू विषयावर आपले मत मांडण्यासाठी येत असे. मूळ विषय तिने चुकीचा ऐकलेला असे. इंग्रजीत हिंसेला व्हायलन्स म्हणतात. दूरचित्रवाणीवरील हिंसेवर चर्चा चालू असता एमिलीने तो शब्द व्हायोलिन्स असा ऐकला आणि मुलांनी व्हायोलिन पाहू नये यासाठी एवढा गदारोळ कशाला, असा तिचा सात्त्विक संताप झाला. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या नावातील ईक्वल हा शब्द तिने ईगल असा ऐकला आणि ती गरुडांच्या हक्कांविषयी बोलू लागली. सोव्हिएत संघातील ज्यू समाजाचा प्रश्न तिच्या कानी ज्वेलरीचा, म्हणजे दागिन्यांचा प्रश्न होऊन पोहोचला.

तिचे भाषण रंगात आले की वृत्तनिवेदक तिची चूक दाखवून देई. क्षणभर थांबून, गोड हसून ती आपले सारे म्हणणे मागे घेई. चेव्ही चेस निवेदक असताना हा शेवट शांतपणे होत असे. पुढे जेन कर्टिन यांच्या जागी येण्याने या प्रसंगाला धार आली. कर्टिन यांचा खडूस निवेदिकेचा अवतार एमिलीला फटकारी आणि एमिली जाता जाता हळूच एक अपशब्द उच्चारी. या पात्रात बहिरेपणाची टवाळी नव्हती. आपल्याला न कळलेल्या विषयावरही तळमळीने बोलणारी एक भली बाई, असे तिचे रूप होते.

रोझॅन रोझॅनाडॅना

हे पात्र एमिलीच्या नेमके उलट होते. कुरळ्या काळ्या केसांचा त्रिकोणी डोलारा, मोठा आवाज आणि कशाचीही लाज न बाळगणारी जीभ ही तिची वैशिष्ट्ये होत. तिचे नाव न्यू यॉर्कमधील स्थानिक बातम्यांच्या तत्कालीन निवेदिका रोझ ॲन स्कॅमार्डेला यांच्या नावावरून सुचले होते. बातमीपत्रात ती न्यू जर्सीतील एका प्रेक्षकाचे पत्र वाचून दाखवी आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यास आरंभ करी. पत्र धूम्रपान सोडण्याविषयी असो की सणासुदीविषयी, दोन-तीन वाक्यांत ती मूळ विषय सोडून एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या भेटीकडे वळे आणि तेथून त्या व्यक्तीच्या नाकातील केस, दातात अडकलेला कण, घाम अशा किळसवाण्या तपशिलांत रमून जाई. कर्टिन तिला अडवीत. मग आयुष्यात सतत काही ना काही कटकट चालूच असते, अशा अर्थाच्या ठरलेल्या वाक्याने ती समारोप करी.

त्या काळी दूरचित्रवाणीवरील स्त्रीने नीटनेटके आणि सुंदर दिसावे अशी अपेक्षा असे. शरीराच्या ज्या गोष्टी चारचौघांत उच्चारायच्या नाहीत, त्याच या पात्राने मोठ्या उत्साहाने राष्ट्रीय वाहिनीवर मांडल्या. रॅडनर यांचे हे सर्वाधिक लोकप्रिय पात्र होय. झ्वायबेल यांनी ते त्यांच्यासमवेत लिहिले.

बाबा वावा

नामवंत पत्रकार आणि मुलाखतकार बार्बरा वॉल्टर्स यांची ही नक्कल होती. वॉल्टर्स यांचा ‘र’ हा उच्चार किंचित सदोष होता. रॅडनर यांनी ‘र’ आणि ‘ल’ या दोन्ही ध्वनींच्या जागी ‘व’ घालून संपूर्ण मुलाखती सादर केल्या. पात्राचे नावही त्याच रीतीने बनले. वॉल्टर्स यांना सुरुवातीला ही नक्कल बोचली. कालांतराने मात्र त्यांनी ती खेळकरपणे स्वीकारली. प्रत्यक्ष व्यक्तींच्या नकला हे या कार्यक्रमाचे कायमचे अंग झाले, त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत बाबा वावाची गणना होते.

लिसा लूपनर

कमरेपासून वर ओढलेला घागरा, जाड चष्मा आणि नाकात बोलणे असे रूप असलेली ही शाळकरी मुलगी अभ्यासू पण समवयस्कांत न रुळणारी होती. तिचा तसाच अवघडलेला मित्र टॉड याची भूमिका बिल मरी आणि आईची भूमिका जेन कर्टिन करीत. बीट्स व शूस्टर यांनी लिहिलेल्या या प्रहसनांत टॉड लिसाची अखंड खोडी काढतो आणि लिसा वरवर चिडते, पण दोघांनाही एकमेकांवाचून करमत नाही. या मालिकेत थट्टेइतकीच माया होती.

जूडी मिलर

आपल्या शयनगृहात एकटीच असलेली, बालवीर पथकाचा गणवेश घातलेली ही लहान मुलगी स्वतःचा काल्पनिक दूरचित्रवाणी कार्यक्रम सादर करते. सूत्रधार, नर्तकी, पाहुणी, नववधू अशा सर्व भूमिका तीच करते, पलंगावर उड्या मारते, दारावर आदळते. मध्येच आई ओरडली की क्षणभर शांत होऊन पुन्हा आरंभ करते. मॅरिलिन सुझन मिलर यांनी लिहिलेल्या या प्रहसनात रॅडनर यांना दुसऱ्या पात्राची सोबत नसे. एकाकी मुलाचे कल्पनेच्या बळावर चाललेले खेळ त्यांनी पूर्ण शरीर पणाला लावून दाखविले. डेट्रॉइटमधील त्यांच्या स्वतःच्या बालपणाशी या पात्राचे नाते स्पष्ट आहे.

इतर पात्रे

गायिका पॅटी स्मिथ यांचे विडंबन असलेली, नशेत बुडालेली पंक गायिका कँडी स्लाइस आणि तरुण ज्यू युवती ऱ्होंडा वाइस ही त्यांची आणखी काही गाजलेली पात्रे होत. स्टीव्ह मार्टिन यांच्यासमवेत १९७८ मध्ये सादर केलेले ‘डान्सिंग इन द डार्क’ हे जवळजवळ संवादाविना असलेले नृत्यप्रहसन विशेष स्मरणात राहिले. ‘द बँड वॅगन’ (१९५३) या चित्रपटातील नृत्याच्या या विडंबनात दोन अनोळखी व्यक्ती एकमेकांकडे पाहतात आणि संपूर्ण स्टुडिओभर नाचत सुटतात. कधी खरोखर डौलदार, तर कधी धडपडणारे असे हे नृत्य आहे.

अभिनयशैली

रॅडनर यांच्या विनोदात पात्राविषयी तुच्छता क्वचितच दिसते. त्यांची बहुतेक पात्रे समाजाच्या कडेला उभी असलेली आहेत: कमी ऐकू येणारी म्हातारी, बेढब केसांची बडबडी स्त्री, मित्रपरिवार नसलेली मुलगी. परंतु यांपैकी एकालाही आपण हास्यास्पद आहोत असे वाटत नाही. पात्राचा हा आत्मविश्वास अबाधित ठेवणे हे त्यांच्या अभिनयाचे मर्म होते. मूकाभिनय, पडणे-आदळणे आणि चेहऱ्याची लवचीकता यांवर त्यांची हुकमत होती. ल्युसिल बॉल यांच्या शारीरिक विनोदाची परंपरा त्यांनी पुढे नेली, असे समीक्षक मानतात. पुढील पिढ्यांतील अनेक विनोदी अभिनेत्रींनी त्यांचे ऋण मान्य केले आहे.

या यशाच्या काळातच रॅडनर खाणे आणि उलटी करून ते बाहेर काढणे या आहारविषयक विकाराने त्रस्त होत्या. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात याविषयी मोकळेपणाने लिहिले आहे.

ब्रॉडवे आणि चित्रपट

१९७९ मध्ये त्यांनी ब्रॉडवेवरील विंटर गार्डन नाट्यगृहात ‘गिल्डा रॅडनर – लाइव्ह फ्रॉम न्यू यॉर्क’ हा स्वतंत्र कार्यक्रम सादर केला. लॉर्न मायकेल्स यांचे दिग्दर्शन असलेल्या या कार्यक्रमात दूरचित्रवाणीवरील बहुतेक पात्रे होती. माइक निकल्स यांनी त्यावर ‘गिल्डा लाइव्ह’ (१९८०) हा चित्रपट केला. त्याला तिकीटबारीवर यश मिळाले नाही. याच काळात एनबीसीने त्यांना मुख्य वेळेतील स्वतंत्र कार्यक्रम देऊ केला होता, परंतु त्यांनी तो नाकारला.

१९८० मध्ये पाचव्या हंगामाच्या अखेरीस मूळ संचातील उरलेल्या कलावंतांसमवेत त्यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ सोडले. त्याच वर्षी जीन कर यांच्या ‘लंच अवर’ या ब्रॉडवेवरील नाटकात त्यांनी सॅम वॉटरस्टन यांच्यासमवेत भूमिका केली. चित्रपटांत मात्र त्यांच्या गुणांना साजेशी संधी त्यांना मिळाली नाही. दर आठवड्याला नवे रूप घेणाऱ्या या अभिनेत्रीला चित्रपटांनी बहुधा नायकाच्या जोडीदाराची भूमिका दिली.

वैयक्तिक जीवन

ब्रॉडवेवरील कार्यक्रमाच्या वाद्यवृंदातील गिटारवादक जी. ई. स्मिथ यांच्याशी त्यांचा १९८० मध्ये विवाह झाला. १९८२ मध्ये ते विभक्त झाले. ‘हँकी पँकी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी, १९८१ मध्ये, त्यांची अभिनेते जीन वाइल्डर यांच्याशी भेट झाली. दोघांचा विवाह १९८४ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये झाला. ‘द वुमन इन रेड’ (१९८४) आणि वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला ‘हाँटेड हनिमून’ (१९८६) या चित्रपटांतही ते एकत्र होते. अपत्य व्हावे अशी रॅडनर यांची उत्कट इच्छा होती, परंतु ती पूर्ण झाली नाही.

आजार

‘हाँटेड हनिमून’चे चित्रीकरण इंग्लंडमध्ये चालू असताना १९८५ मध्ये रॅडनर यांना विलक्षण थकवा जाणवू लागला. पुढे पायांत वेदना आणि पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. सुमारे दहा महिने त्या निरनिराळ्या वैद्यांकडे जात राहिल्या. विषाणूसंसर्ग, पोटाचा विकार, मानसिक ताण अशी अनेक कारणे सांगितली गेली. स्वभावाने चिंताळू असल्यामुळे त्यांच्या तक्रारींकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले गेले नाही. अखेर ऑक्टोबर १९८६ मध्ये अंडाशयाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात असल्याचे निदान झाले. त्यांच्या मातुल घराण्यातील आजी, मावशी आणि एक बहीण यांनाही हा रोग झाला होता, पण या माहितीचे महत्त्व आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यावर रसायनोपचार आणि किरणोपचार करण्यात आले. याच काळात त्या सांता मोनिका येथील ‘वेलनेस कम्युनिटी’ या रुग्णांच्या आधारगटात जाऊ लागल्या. तेथे त्या स्वतःच्या आजारावर विनोद करीत आणि इतर रुग्णांना हसवीत. मार्च १९८८ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ‘इट्स गॅरी शँडलिंग्ज शो’ या मालिकेत त्या पाहुण्या कलावंत म्हणून आल्या आणि कर्करोगाविषयी त्यांनी उघडपणे थट्टा केली. रुग्णही या रोगाचे नाव चारचौघांत घेण्यास कचरत, अशा त्या काळात ही गोष्ट असाधारण होती. या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्या वसंतात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या एका भागाचे सूत्रसंचालन त्या करणार होत्या, परंतु लेखकांच्या संपामुळे तो हंगाम मध्येच थांबला आणि हा योग पुन्हा आला नाही.

१९८८ च्या अखेरीस रोग पुन्हा बळावला. आजारपणात त्यांनी ‘इट्स ऑलवेज समथिंग’ हे आत्मचरित्र लिहून पूर्ण केले. रोझॅन रोझॅनाडॅनाच्या समारोपाच्या वाक्यावरून त्याचे शीर्षक घेतले आहे. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मृत्यू

१७ मे, १९८९ रोजी तपासणीसाठी त्यांना लॉस एंजेलसमधील सीडर्स-सायनाय रुग्णालयात दाखल करण्यात आले. तपासणीपूर्वी देण्यात आलेल्या गुंगीतून त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. शनिवार, २० मे रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. वाइल्डर त्या वेळी त्यांच्याजवळ होते. त्यांचा दफनविधी कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे झाला.

त्याच रात्री ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या हंगामाचा शेवटचा भाग प्रसारित व्हायचा होता आणि स्टीव्ह मार्टिन सूत्रधार होते. त्यांनी आपले ठरलेले विनोदी प्रास्ताविक रद्द केले आणि अश्रू आवरत १९७८ मधील ‘डान्सिंग इन द डार्क’ हे नृत्यप्रहसन प्रेक्षकांना दाखविले.

मरणोत्तर कार्य आणि वारसा

पत्नीच्या मृत्यूनंतर जीन वाइल्डर यांनी अंडाशयाच्या कर्करोगाविषयीच्या जनजागृतीस वाहून घेतले. कुटुंबातील रोगाचा इतिहास वेळीच विचारला गेला असता तर निदान लवकर होऊ शकले असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सीडर्स-सायनाय येथे रॅडनर यांच्या नावाने या रोगाचा धोका असलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सुरू झाले. बफलो येथील रोझवेल पार्क संस्थेत १९८१ पासून चालू असलेल्या कौटुंबिक अंडाशय-कर्करोग नोंदवहीलाही त्यांचे नाव देण्यात आले. एकाच घराण्यातील अनेक स्त्रियांना हा रोग झाल्याच्या नोंदी या नोंदवहीत जमा होत. स्तन आणि अंडाशय यांच्या आनुवंशिक कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ हे १९९५ मध्ये ओळखले गेले. आता स्त्रीरुग्णाच्या तपासणीत कौटुंबिक इतिहास विचारणे आणि गरज असल्यास जनुकीय चाचणी सुचविणे हा प्रघात झाला आहे. सीए-१२५ या रक्तचाचणीचा प्रसार करण्यातही वाइल्डर यांचा वाटा होता; मात्र लक्षणे आणि विशेष धोका नसलेल्या स्त्रियांची सरसकट चाळणी करण्यासाठी ती पुरेशी विश्वसनीय ठरलेली नाही.

रॅडनर यांच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना बुल, वाइल्डर आणि समीक्षक जोएल सीगल यांच्या पुढाकाराने ‘गिल्डाज क्लब’ ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले केंद्र १९९५ मध्ये न्यू यॉर्क येथे उघडले. कर्करोगामुळे आपण नको असलेल्या एका खास मंडळाचे सभासद झालो, या रॅडनर यांच्या विनोदावरून संस्थेचे नाव ठेवले गेले. रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांना येथे विनामूल्य आधार मिळतो. लाल रंगाचे दार ही या केंद्रांची खूण आहे. २००९ मध्ये ही संस्था आणि ‘वेलनेस कम्युनिटी’ यांचे एकत्रीकरण होऊन ‘कॅन्सर सपोर्ट कम्युनिटी’ ही संस्था बनली. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील केंद्राने, तरुण रुग्णांना गिल्डा कोण हे ठाऊक नसते, या कारणास्तव त्यांचे नाव वगळण्याचे जाहीर केले. त्यावर देशभर नाराजी व्यक्त झाली. अन्य अनेक केंद्रांनी मूळ नाव कायम ठेवले आहे.

ॲलन झ्वायबेल यांनी त्यांच्या मैत्रीवर ‘बनी बनी’ (१९९४) हे पुस्तक लिहिले. लिसा डापोलिटो दिग्दर्शित ‘लव्ह, गिल्डा’ (२०१८) या माहितीपटात रॅडनर यांच्या रोजनिशी, ध्वनिफिती आणि घरगुती चित्रफिती यांचा उपयोग केला आहे. पहिल्या प्रसारणाच्या रात्रीवर आधारित ‘सॅटर्डे नाइट’ (२०२४) या चित्रपटात त्यांची भूमिका एला हंट यांनी केली.

पुरस्कार आणि सन्मान

• १९७८ – एमी पुरस्कार, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधील अभिनयासाठी
• १९८८ – एमी नामांकन, ‘इट्स गॅरी शँडलिंग्ज शो’
• १९९० – ग्रॅमी पुरस्कार (मरणोत्तर), आत्मचरित्राच्या स्वतः केलेल्या ध्वनिवाचनासाठी
• १९९२ – मिशिगन महिला सन्मान दालनात समावेश (मरणोत्तर)
• २००३ – हॉलिवूड वॉक ऑफ फेमवर तारा (मरणोत्तर)

निवडक चित्रपट

• द लास्ट डिटेल (१९७३)
• गिल्डा लाइव्ह (१९८०)
• फर्स्ट फॅमिली (१९८०)
• हँकी पँकी (१९८२)
• द वुमन इन रेड (१९८४)
• मूव्हर्स अँड शेकर्स (१९८५)
• हाँटेड हनिमून (१९८६)